हंहंच्या नावावर

2024 च्या एप्रिलमध्ये लॅरी गेला. लॅरी कोण, असं विचारायला संकोचू नका. त्याच्या शेजारच्या स्टुलांवर पस्तीस वर्षं बसलेल्या मंडळींनाही तो गेल्यावर हाच प्रश्न पडला होता.

‘द सिम्पसन्स’ नावाची अमेरिकी कार्टून मालिका 17 डिसेंबर 1989 रोजी सुरू झाली आणि अजून संपायचं नाव घेत नाही. तिचा नायक होमर सिम्पसन स्प्रिंगफील्ड गावच्या अणुवीज केंद्रात नोकरीला, आणि तिथून सुटला की मो नावाच्या इसमाच्या गुत्त्यात. या गुत्त्यात पार पहिल्या भागापासून एक विरळ केसांचा, कोट घातलेला गृहस्थ बसलेला असायचा. पुढ्यात ग्लास, तोंडाला कुलूप. बाकीचे हसले, रडले, एकमेकांच्या उरावर बसले. हा आपला स्टुलावर. पस्तिसाव्या पर्वात लेखकांनी त्याला मारला आणि होमरच्या कंपूच्या लक्षात आलं, की या माणसाबद्दल आपल्याला ओ की ठो माहीत नाही. निर्मात्यांपैकी टिम लाँग यांनी चाहत्यांची जाहीर माफी मागितली. देशोदेशी बातम्या झाल्या. जिवंतपणी ज्याला धड वाक्य मिळालं नाही, त्याला मेल्यावर मथळे मिळाले.

ही बातमी मी मोबाइलवर वाचली ती सदाशिव पेठेतल्या आमच्या अमृततुल्यात, माझ्या नेहमीच्या स्टुलावर बसून. पितळी पातेल्यात चहा उकळत होता, शेठ खलबत्त्यात आलं ठेचत होते आणि डोक्यावर नेहमीची पाटी होती : ‘एका चहावर एक तास बसू नये.’ आम्ही दीड तास बसतो, त्यामुळे ती आम्हाला लागू होत नाही.

आमच्या कट्ट्यावर खऱ्या नावानं कोणी कोणाला ओळखत नाही. मेट्रो आहेत, ते कुठल्याही विषयावर ‘मेट्रो स्वारगेटला येऊ द्या, मग बघा’ असं म्हणतात. पानशेत आहेत, त्यांची प्रत्येक गोष्ट 12 जुलै 1961 च्या पुरापासून सुरू होते आणि क्वचितच 1962 पर्यंत पोचते. एफडी आहेत, त्यांना जगातल्या सगळ्या बँकांचे ज्येष्ठ नागरिकांचे व्याजदर पाठ आहेत. मला टोपणनाव नव्हतं. मी त्याचा अर्थ असा लावला होता, की सूत्रधाराला टोपणनाव नसतं.

‘‘लॅरी गेला,’’ मी म्हणालो.

‘‘कुठले? टिळक रोडचे?’’ पानशेतांनी विचारलं.

‘‘नाही हो, स्प्रिंगफील्डचे.’’

‘‘म्हणजे वाघोलीच्या पुढे,’’ मेट्रो म्हणाले. ‘‘टाउनशिप आहे तिथे. मेट्रो जाऊ द्या तिकडे, मग बघा भाव.’’

यावर मी ‘हं’ म्हणालो आणि विषय व्याजदरांकडे वळला. त्या वेळी मला यात काही वावगं वाटलं नाही. लॅरीबद्दल हळहळ वाटली, पण ती दुसऱ्याच्या घरचं निधन वाचताना वाटते तेवढीच.

माझी मुलगी या मालिकेवर वाढलेली. तिनं मला रात्री समजावून सांगितलं की साडेसातशेहून जास्त भाग निघाले ते काही एकट्या होमरच्या जिवावर नव्हे. ती मालिका चालते गावातल्या किरकोळ माणसांवर. त्यातला हान्स मोलमन मला भारी आवडला. जाड भिंगांचा चष्मा, सुरकुतलेला चेहरा, हातात काठी. हा बिचारा एका भागात मरतो आणि पुढच्या भागात कसलाही खुलासा न करता पुन्हा हजर. एका भागात तो सांगतो की दारूनं माझ्या आयुष्याची माती केली, माझं वय फक्त एकतीस आहे. आणि गंमत म्हणजे होमरचा आवाज काढणारा डॅन कॅस्टेलानेटाच मोलमनचाही आवाज काढतो. म्हणजे नायक आणि कस्पट एकाच घशातून येतात.

‘‘बाबा, किरकोळ पात्राची खूण काय माहितीय?’’ मुलगी म्हणाली. ‘‘ते आपल्याला किरकोळ समजत नाही.’’

मी ‘हं’ म्हणालो आणि झोपलो.

महिनाअखेरीला शेठ उधारीची वही घेऊन बसले होते. फोन आला म्हणून वही उघडी टाकून रस्त्यावर गेले. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला माहीत आहे. म्हणून मी आधी चष्मा पुसला आणि मगच वाचली. वर लिहिलं होतं मेट्रो, आणि पुढे रेघा. त्याखाली पानशेत, रेघा, खारी वेगळी. त्याखाली एफडी, रेघा कमी, कारण ते एक दिवसाआड घरून पिऊन येतात. आणि सगळ्यात खाली :

हंहं.

पुढे भरपूर रेघा आणि क्रीमरोल. स्टुलं चार, नावं चार. वजाबाकी मला येते.

शेठ परत आल्यावर मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘‘शेठ, हे हंहं कोण?’’

‘‘तुम्हीच की, काका,’’ शेठ म्हणाले. ‘‘तुम्ही बोलत नाही, पण हं फार छान म्हणता. समोरच्याला बरं वाटतं.’’

‘‘मी बोलत नाही?’’

‘‘हं,’’ शेठ म्हणाले.

घरी येऊन हे बायकोला सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. ती म्हणाली, ‘‘अहो, तिथे निदान हं तरी म्हणता.’’

आता मात्र लॅरीचा मृत्यू आमच्या घरचा झाला. कट्टा मी चालवतो, या समजुतीवर मी निवृत्तीनंतरची कितीतरी वर्षं काढली होती. लॅरीसारखं जाणं मला परवडणारं नव्हतं. त्याच्यासाठी निदान टिम लाँगनं माफी मागितली. माझ्यासाठी शेठ फार तर हिशेब पूर्ण करतील. ठरवलं, की आपल्या भूमिकेत वाढ करून घ्यायची.

मार्गदर्शनाला पुतण्याचा आठ वर्षांचा मुलगा मिळाला. त्याचा अभ्यासाचा विषय ‘मोटू पतलू’. ही मालिका 2012 पासून निकलोडियनवर चालू आहे. ‘लोटपोट’ या हिंदी नियतकालिकातली ही जोडी पडद्यावर आली, आणि तिच्या दिग्दर्शकाचं नाव सुहास कदव, हे वाचून मला उगाचच घरचं कार्य असल्यासारखं वाटलं. पण चिरंजीवांना दिग्दर्शकाशी कर्तव्य नव्हतं.

‘‘आजोबा, मोटू-पतलू कुणीही होईल,’’ तो म्हणाला. ‘‘खरी मजा घसीटारामची.’’

घसीटाराम हा फुरफुरी नगरातला असा माणूस आहे, की ज्याला कुठल्याही कामाचा वीस वर्षांचा तजुर्बा असतो. विमान चालवायचं? वीस वर्षं. दात काढायचे? वीस वर्षं. सगळी वर्षं एकत्र केली तर तो पेशवाईत जन्मलेला निघेल. दुसरे इन्स्पेक्टर चिंगम. त्यांनी रुबाबात हवेत गोळी झाडली की वरून नारळ पडतो, तो नेमका त्यांच्याच डोक्यात. जॉन नावाच्या डॉनचे दोन साथीदार आहेत, त्यांना तर नावंही नाहीत. नंबर वन आणि नंबर टू. त्यांचं ऐकून मला हंहं जरा बरं वाटू लागलं.

‘‘प्रत्येकाचं एकच असतं,’’ चिरंजीव म्हणाले. ‘‘एक कपडे, एक वाक्य. तुमचं वाक्य काय?’’

‘‘हं...’’ मी विचार करत म्हणालो.

‘‘ते वाक्य नाहीये.’’

वाक्याच्या शोधात मी कार्टूनचा इतिहास चाळायला बसलो आणि घबाड हाती लागलं. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी 1933 मध्ये पुण्यात आली, आणि तिनं 1934 च्या सुमाराला ‘जंबूकाका’ नावाचा कार्टूनपट काढला. म्हणजे एक कार्टून काका पुण्यात नव्वद वर्षांपूर्वी होऊन गेलेले आहेत! त्याच प्रभातच्या आवारात पुढे फिल्म इन्स्टिट्यूट आली, तिथे केतन मेहता शिकले, त्यांनी माया डिजिटल काढली आणि त्याच मायाच्या स्टुडिओतून मोटू-पतलू बाहेर पडले. घसीटारामचं आजोळ लॉ कॉलेज रोडला निघाल्यावर एखादा पुणेकर आणखी काय शोधणार? माझं वाक्य मला सापडलं : ‘पुण्यात हे आधीच होऊन गेलंय.’

वाक्य तसं निर्दोष होतं. स्थानिक अभिमान, इतिहासाचा आधार, आणि कुठेही चपखल बसणारं. आरशासमोर म्हणून पाहिलं. ‘आधीच’वर जोर द्यायचा की ‘पुण्यात’वर, यावर मुलीचं आणि माझं एकमत झालं नाही. शेवटी मी दोन्हीवर जोर द्यायचं ठरवलं.

पहिल्याच संध्याकाळी एफडी उशिरा आले. चेहरा उतरलेला. चहा समोर आला तरी हात लावेनात. मग हळू आवाजात म्हणाले, ‘‘मुलगा वेगळा झाला. स्वयंपाकघर सुद्धा वेगळं केलं.’’

कट्टा चिडीचूप. आमच्याकडे अशा जागी नेहमी माझा हं पडतो, असं आता मला कळून चुकलंय. पण मी तयारी करून आलेलो. छाती भरून श्वास घेतला आणि दोन्हीवर जोर देत म्हणालो, ‘‘पुण्यात हे आधीच होऊन गेलंय!’’

एफडींनी चहा न पिता पैसे ठेवले आणि गेले. पानशेतांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू धरण मीच फोडलं. शेठ म्हणाले, ‘‘काका, बरं वाटत नाहीये का?’’

हार न मानता मी पुढेही ते वाक्य लावत राहिलो. मेट्रोंच्या साडूला डेंग्यू झाला तेव्हा लावलं. शेठनी चहाचा भाव वाढवला तेव्हा लावलं. नारळ दर वेळी माझ्याच डोक्यात. आणि मग एका संध्याकाळी समोरचा रस्ता, जो नुकताच डांबर टाकून गुळगुळीत झाला होता, तो कसल्याशा पाइपसाठी पुन्हा खणायला घेतला. जेसीबीकडे बघत मेट्रो अगदी सावकाश म्हणाले, ‘‘पुण्यात हे आधीच होऊन गेलंय. गेल्याच महिन्यात.’’

कट्टा असा हसला, की पानशेतांना ठसका लागला. एफडींनी सुद्धा टाळी दिली. शेठनी मेट्रोंना क्रीमरोल दिला, फुकट. तेव्हापासून ते वाक्य मेट्रोंचं झालं. मी ते म्हटलं तर लोक मी मेट्रोंची नक्कल करतो म्हणायला लागले.

मेट्रोंचं नशीबच वेगळं. 29 सप्टेंबर 2024 रोजी मेट्रो खरोखरच स्वारगेटला आली. मला वाटलं, संपला माणूस. याचं एकुलतं एक वाक्य सरकारनं काढून घेतलं. त्या संध्याकाळी मी मुद्दाम लवकर गेलो. मेट्रो आले, बसले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, ‘‘कात्रजपर्यंत जाऊ द्या, मग बघा.’’ स्वारगेट ते कात्रज मार्गाची पायाभरणी त्याच दिवशी झाली होती. काही पात्रांचे लेखक किती काळजी घेतात!

आता एकच उपाय उरला : लॅरीचा. नसण्यानं किंमत कळते म्हणतात. मी कोणालाही न सांगता जायचं बंद केलं.

घरी संध्याकाळी सहाला बसायची सवय मलाही नव्हती आणि घरालाही नव्हती. बायकोनं दोन दिवस कोथिंबीर निवडायला दिली आणि मग, ‘‘अहो, कुठेतरी जाऊन या ना,’’ म्हणाली. शिवाय आपली अनुपस्थिती जाणवत असेल, तर ती जाणवताना बघायला कोणीतरी हवंच. अमृततुल्याच्या समोर झेरॉक्सचं दुकान आहे. फ्लेक्सच्या आडून तिथून आमची स्टुलं स्वच्छ दिसतात. मी तिथे उभा राहिलो. मालकानं न बोलता पाटीकडे बोट दाखवलं : ‘ज्यांना झेरॉक्स काढायची आहे त्यांनीच उभे राहावे.’

खिशात आधार कार्ड होतं. त्याची एक प्रत काढली. तेवढ्यात समोर पानशेत आले. त्यांनी माझ्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. माझा जीव घशात. पानशेतांनी स्टुलावर पिशवी ठेवली.

‘‘झाली तुमची,’’ झेरॉक्सवाले म्हणाले.

‘‘अजून एक काढा. दोन्ही बाजूंनी.’’

असं ते रोज चाललं. माझ्या अस्तित्वाचा सज्जड पुरावा रोज ताज्या, कोमट प्रतीत हातात पडत होता आणि समोर ते कोणाच्या लक्षातही येत नव्हतं. घरात आधारच्या प्रतींचा गठ्ठा साठला. बायकोला वाटलं, मी चोरून कर्ज काढतोय.

मग एका संध्याकाळी पिशवी उचलली गेली आणि माझ्या स्टुलावर एक करड्या स्वेटरचे गृहस्थ बसले. नवखे. मेट्रोंनी हात पसरून काहीतरी सांगितलं. नवख्यांनी मान हलवली. पानशेतांनी पाण्याची उंची दाखवली, छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. नवख्यांनी बरोबर गळ्याला मान हलवली. मला रस्त्याच्या या बाजूला आवाज येत नव्हता, पण ओठ दिसत होते. माणूस ‘हं’ म्हणत होता. आणि सांगायला लाज वाटते, जागा अचूक पकडत होता.

मुलीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘बाबा, रिकास्टिंग. सिम्पसन्समध्ये पण झालंय.’’ लॅरीच्याच गुत्त्यात कार्ल नावाचा कृष्णवर्णीय मित्र बसतो. त्याचा आवाज वर्षानुवर्षं हँक अझारिया हा गोरा नट काढायचा. हाच अझारिया आपू या भारतीय दुकानदाराचाही आवाज काढायचा. त्या उच्चारांवर हरी कोंडाबोलू यांनी 2017 मध्ये माहितीपट काढून टीका केली, आणि 2020 मध्ये अझारियानं आपूचा आवाज देणं सोडलं. त्याच वर्षी निर्मात्यांनी ठरवलं, की गोऱ्या नटांनी इतर वर्णांच्या पात्रांचे आवाज काढायचे नाहीत, आणि कार्ल अ‍ॅलेक्स डेझेर यांच्याकडे गेला. कार्ल तोच, स्टूल तेच, घसा बदलला.

‘‘पण त्यामागे तत्त्व होतं,’’ मी म्हणालो. ‘‘इथे काय तत्त्व आहे?’’

‘‘तुम्ही शूटिंगला जात नाही, हे.’’

दुसऱ्या दिवशी मी ताठ मानेनं रस्ता ओलांडला. नवखे माझ्या स्टुलावर होते. मी समोर उभा राहिलो आणि गळा साफ केला.

‘‘बसा ना, बाकावर जागा आहे,’’ पानशेत म्हणाले.

‘‘मी इतके दिवस आलो नव्हतो,’’ मी म्हणालो.

‘‘छे!’’ मेट्रो म्हणाले. ‘‘काल तर होतात. मी कात्रजचं सांगत होतो, तुम्ही हं हं करत होतात.’’

नवखे संकोचून थोडे सरकले. सज्जन माणूस. तेवढ्यात शेठनी वही पुढे केली. महिना संपला होता. हंहंच्या नावापुढे रेघांची नुसती पलटण, आणि क्रीमरोल माझ्या नेहमीच्या दुप्पट. नव्या नटाची भूक जुन्यापेक्षा मोठी होती.

‘‘शेठ, हे मी प्यायलेलो नाही.’’

‘‘हंहंच्या नावावर आहे, काका.’’

‘‘अहो, ते यांनी प्यायलंय!’’

नवखे कासावीस झाले. ‘‘शेठनी पहिल्याच दिवशी विचारलं, खात्यावर लिहू का,’’ ते म्हणाले. ‘‘मी म्हटलं, हं.’’

आता माझा संयम सुटला. आयुष्यात प्रथमच मी त्या कट्ट्यावर सलग वाक्यं बोललो, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. न्याय म्हणजे काय ते सांगितलं, उधारीच्या वहीचं पावित्र्य सांगितलं, आणि पुरावा म्हणून खिशातून आधारच्या प्रती काढून टेबलावर आपटल्या. ‘‘हे बघा! मी रोज या वेळेला तिकडे, समोर झेरॉक्सच्या दुकानात होतो. त्यांना विचारा!’’

एफडींनी प्रती उचलल्या, मोजल्या, परत मोजल्या. मेट्रो समोरच्या दुकानाकडे, फ्लेक्सकडे आणि मग माझ्याकडे बघू लागले. पानशेतांनी चहा खाली ठेवला. पुरानंतर त्यांनी एखादी गोष्ट इतक्या कुतूहलानं पाहिली नसेल. शेठचा खलबत्ता थांबला. स्वेटरवाले पुढे झुकले.

‘‘रोज?’’ मेट्रोंनी विचारलं. ‘‘याच वेळेला? तिथे उभं राहून काय करत होतात?’’

सगळा कट्टा कान टवकारून माझ्या पुढच्या वाक्याची वाट पाहत होता. इतकी वर्षं मला हीच जागा हवी होती.

‘‘हं,’’ मी म्हणालो, आणि पाकीट काढलं.

‘‘सुटे द्या,’’ शेठ म्हणाले.